गफूरभाई आणि बर्फावरची गाडी

गफूरभाई, काल अबू नासिर गॅरेजमध्ये आले होते. त्यांना कुणी काही कळवलं नव्हतं. उन्हाळाभर ते लेबनॉनला होते, परवा परतले, आणि नेहमीप्रमाणे ऑफिसात न शिरता सरळ मागच्या शेडमध्ये गेले. तिथून त्यांचा आवाज आला, "वेन गफूर?" गफूर कुठे आहे. शेडमधले सगळे हातातल्या कामाकडे बघत राहिले. मग ते माझ्या दारात आले आणि तेच विचारलं, म्हणून सांगायचं काम माझ्यावर आलं. मोडक्यातोडक्या अरबीत मी एवढंच म्हणू शकले की गफूरभाई गेले, दहा दिवस झाले. ते खुर्चीत बसले. डोक्यावरचा गुत्रा काढून मांडीवर घेतला आणि त्याच्या घड्या घालत राहिले. "अल्ला यरहमा," म्हणाले, देव त्याच्यावर दया करो. थोड्या वेळाने मला विचारलं, "आता माझी गाडी कोण ऐकणार?"

अबू नासिर निघून गेल्यावर मी टाइपरायटर बाजूला सारला आणि हे हाताने लिहायला घेतलं. तुमचा जन्म कधीचा, शाळा किती झाली, बहारीनला कुठल्या साली आलात, हे लिहिणारे लिहितील. मला ते नीट माहीतही नाही. मला माहीत आहेत ती सलमाबादच्या पत्र्याच्या शेडमधली आपली सहा वर्षं.

मी टायपिस्ट म्हणून आले होते. औरंगाबादच्या पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला, पण लग्न होऊन इथे आले तेव्हा नवऱ्याच्या ओळखीने जी नोकरी मिळाली ती टायपिंगची. व्हिसावर तसंच लिहिलेलं होतं. पहिल्या आठवड्यात मी बिलं टाइप करत होते आणि खिडकीपलीकडून कुणीतरी एका नटाला बोलताना ऐकू आलं, "अरे मेल्या, सूट की आता. किती माज करतंस?" मला हसू आवरेना. तुम्ही गाडीखालून डोकं बाहेर काढलंत. दाढीला ग्रीस लागलं होतं.

"काय गं बाय, हसतंस काय? मराठी हायस?"

"हो."

"मग इंग्लिश वाचता येत असेल तुला. ऱ्हव जरा, एक काम हाय."

ते काम पुढे सहा वर्षं चाललं. जेवणाच्या सुट्टीत तुम्ही मॅन्युअल घेऊन यायचात आणि मी ती मराठीत वाचून दाखवायची. तुम्ही डबा खात ऐकायचात. एकदा वाचलेलं पान मला कधी पुन्हा वाचावं लागलं नाही. तीन महिन्यांनीसुद्धा तुम्ही सांगायचात, "त्या निळ्या पुस्तकात उजव्या पानावर खाली होतं बघ, स्प्रिंगचं माप." मी उघडून बघायची, तर ते उजव्या पानावर खालीच असायचं. वाचता वाचता मला जे कळायचं नाही ते तुम्ही शेडमध्ये नेऊन दाखवायचात. आधी नुसतं बघायला, मग टॉर्च धरायला. एके दिवशी मल्टिमीटर माझ्या हातात देऊन तुम्ही दुसऱ्या गाडीकडे निघून गेलात. जणू त्यात काही विशेष नव्हतं.

अबू नासिर तुमचे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या समुद्रातल्या जेटस्की तुम्हीच बघायचात. त्यांची बायको लेबनॉनची, डोंगरावरच्या एका गावातली. तिकडची लढाई थांबल्यावर त्यांनी सासुरवाडीचं जुनं घर दुरुस्त करून घेतलं होतं. घर समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरवर. हिवाळ्यात रस्ता बंद होतो, म्हणून त्यांनी बर्फावर चालणारी गाडी घेतली. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा, वर मोटरसायकलसारखी सीट. मागच्या वर्षी ऐन जूनमध्ये ती गाडी लाकडी खोक्यात बसून जहाजाने आपल्याकडे आली. बाहेर पंचेचाळीस डिग्री होतं. खोकं फोडल्यावर अख्खी शेड गोळा झाली.

गाडीचा आजार असा होता. अबू नासिरनी तिला दुसऱ्या कंपनीचा एक्झॉस्ट बसवला होता, हलका आणि जोरकस. त्याच्यासोबत एक छोटी पेटी आली होती, तिच्यावरच्या बारीक स्क्रूंनी इंजिनात जाणारं पेट्रोल कमी-जास्त करता येई. हे बसवल्यापासून एकाच हिवाळ्यात दोनदा पिस्टन जळाला होता. दुसऱ्या वेळी ते घरापासून लांब होते आणि गुडघ्याएवढ्या बर्फातून तीन तास चालत परतले होते. तिकडच्या दोन मेकॅनिकनी हात टेकले होते. "घरात माझी सासू असते," ते तुम्हाला म्हणाले. "ऐंशीच्या पुढची आहे. खाली यायला तयार नाही. ही गाडी चालली नाही तर जानेवारीत तिच्यापर्यंत कुणी पोचू शकत नाही."

तुम्ही गाडीभोवती एक फेरी मारलीत आणि एकच प्रश्न विचारलात. "दोन्ही वेळा किती वाजले होते?"

अबू नासिर गोंधळले. मग आठवून म्हणाले, "सकाळ होती. दोन्ही वेळा सकाळच. दुपारी ती छान चालते."

तुम्ही मान हलवलीत आणि हात धुवायला गेलात.

मी मॅन्युअल घेऊन बसले. त्यात एक मोठा तक्ता होता. इंजिनाचा वेग किती, ऍक्सिलरेटर किती दाबलाय, त्याप्रमाणे कॉम्प्युटर किती पेट्रोल सोडणार याचे आकडे. याला इंग्रजीत फ्युएल मॅप म्हणतात, मी सांगितलं.

"मॅप म्हणजे नकाशा ना? मग ह्यात आमचा गाव दाखव."

तुम्ही थट्टा केलीत, पण मी गंभीर होते. मला पहिल्यांदाच माझ्या शिक्षणाचं काहीतरी सापडलं होतं. दोन दिवस खपून मी हिशोब केला. उंचीवर हवा विरळ, म्हणून पेट्रोल कमी लागणार. पेटीवरचा प्रत्येक स्क्रू किती मागे घ्यायचा, हे मी चौकटी आखून लिहिलं आणि तुमच्यापुढे ठेवलं. तुम्ही मला सगळं वाचायला लावलंत आणि शेवटी विचारलंत, "आणि थंडी?"

"थंडीचं कॉम्प्युटर बघतो. हवेचं तापमान मोजायला सेन्सर आहे."

"बघतो, तर मग गाडी सकाळचीच का जळते?"

"उंची सकाळीही तेवढीच असते आणि दुपारीही," मी म्हणाले. मला वाटलं, मी जिंकले.

"तेच तर मी बोलतंय," तुम्ही शांतपणे म्हणालात. "उंची तीच, पेट्रोल तेच. बदलते ती थंडी. जानेवारीत इथल्या समुद्रात सकाळची जेटस्की किती ओढते, बघितलंस? थंड हवा घट्ट असते. तिला पेट्रोल जास्त लागतं. नाय मिळालं तर पिस्टन जळतो. तू अजून कमी करायला सांगतंस."

"पण पुस्तकात सेन्सर आहे."

"पुस्तकात हाय. गाडीत हाय का बघ."

मी रागातच उठले, गफूरभाई. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्हाला मदत करावी म्हणून मी तो सेन्सर तपासायला गेले नव्हते. तुम्ही चुकलात हे सिद्ध करायला गेले होते. पुस्तक वाचू न शकणाऱ्या माणसाने माझा दोन दिवसांचा हिशोब एका प्रश्नात बाजूला ठेवावा, हे मला लागलं होतं. तुम्हाला ते कळलं असेल असंही मला आता वाटतं.

मल्टिमीटर लावला. सेन्सरला हाताची ऊब दिली, आकडा हलला नाही. फ्रीजमधला बर्फ आणून लावला, आकडा हलला नाही. मग मी वायरींचा माग काढत गेले. टाकीच्या खाली, काळ्या टेपच्या जाड गुंडाळीत, सेन्सरच्या वायरी कापलेल्या होत्या आणि त्यांच्या जागी गव्हाच्या दाण्याएवढा एक रेझिस्टर जोडलेला होता. कुणीतरी कधीतरी सेन्सर बिघडल्यावर केलेली तात्पुरती सोय. पेट्रोल किती सोडायचं हे ठरवणाऱ्या कॉम्प्युटरला तेव्हापासून कायम एकच तापमान कळत होतं. जुन्या एक्झॉस्टवर ते कसंबसं निभावलं होतं. नव्या एक्झॉस्टने इंजिन जास्त हवा ओढायला लागलं आणि पिस्टन जळाला.

मी तुम्हाला हाक मारली. तुम्ही चष्मा लावून बघितलंत आणि विचारलंत, "हा दाणा काय करतो?"

"गाडीला कायम सांगतो की बाहेर छान ऊन पडलंय."

"आणि ती बिचारी विश्वास ठेवते," तुम्ही म्हणालात.

मी बोललो नव्हतो का, असं तुम्ही म्हणाला असता तर तो तुमचा हक्क होता. तुम्ही शेडमधल्या सगळ्यांना बोलावलंत, मल्याळी, पंजाबी, बंगाली, सगळ्यांना, आणि हिंदीत सांगितलंत, "देखो, बायने ढूँढा." तुमच्या प्रश्नामुळे सापडला हे मी सांगायला तोंड उघडलं, तर तुम्ही, "यल्ला, यल्ला, कामाला लागा," करत सगळ्यांना पांगवलंत.

नवा सेन्सर कुरिअरने यायला महिना लागला. तो आल्यावर आपण जे केलं ते आठवलं की मला अजून मजा वाटते. गाडी स्टँडवर उचलून धरली. तिचं इंजिन थंड ठेवायला खरं तर पट्ट्याखाली बर्फ उडावा लागतो, तो नव्हता म्हणून एक जण पाण्याचा पाइप धरून उभा. सेन्सरला लांब वायर जोडून तुम्ही तो बर्फ-मीठ भरलेल्या थर्मासमध्ये सोडलात. बाहेर ऑगस्टची आग आणि गाडीला वाटतंय हिवाळा आलाय. दोन मिनिटांत ती धूर सोडून अडखळायला लागली, कारण थंडी समजून ती जादा पेट्रोल ओतत होती. शेडमध्ये सगळे खोकत होते आणि तुम्ही हसत होतात. "आता ऐकते," तुम्ही म्हणालात. "आता हिला खरं सांगितलं की खरं कळतं."

दुसरा कुणी इथेच थांबला असता. तुम्ही मला म्हणालात, "ह्या पेटीचे स्क्रू बारीक हायत. बर्फात माणूस हातमोजे घालतो ना?"

"घालत असेल."

"असेल नको. बघू या."

तुमचे एक रायगडचे दोस्त बंदरावर मासळीच्या शीतगोदामात मॅनेजर होते. शुक्रवारी दुपारी तुम्ही तिथे गेलात. मी आणि आमचे हे गंमत म्हणून सोबत आलो. तुम्ही उसना जाड कोट चढवलात, अबू नासिरचे हातमोजे घातलेत, पेटी बगलेत मारलीत आणि उणे अठरा डिग्रीच्या खोलीत सुरमईच्या खोक्यांमध्ये जाऊन उभे राहिलात. पाच मिनिटांनी मी दार वाजवलं. तुम्ही आतून खूण केलीत, थांब. पंधरा मिनिटांनी बाहेर आलात तेव्हा तुमचे ओठ निळे पडले होते आणि बोलताना दात वाजत होते. "बोटांना स्क्रू कळतच नाय," तुम्ही म्हणालात. "हातमोजा काढला तर बोटं कळत नाय."

दुसऱ्या आठवड्यात तुम्ही पेट्रोल कमी-जास्त करायला लेथवर पितळेचं एक मोठं बटण केलंत, लिंबाएवढं, पाच खाचांचं. एकेका खाचेला ते टक् करून अडायचं. हातमोजा न काढता, न बघता, माणसाला कळावं की आपण कितव्या खाचेवर आहोत. आतली जोडणी मी केली. सोल्डरिंगचा एक टाका तुम्हाला आवडला नाही, तो तुम्ही मला तीनदा काढायला लावलात. अबू नासिरनी याच्यातलं काहीच मागितलं नव्हतं.

गाडी नोव्हेंबरात परत गेली. तिच्याबरोबर तुम्ही एका पट्टीवर तारेने बांधून तीन जुने स्पार्क प्लग पाठवलेत. एक पांढराफटक, एक बिस्किटाच्या रंगाचा, एक काळाकुट्ट. पांढरा म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, काळा म्हणजे जास्त होतंय, मधला बरोबर. "रंग बोलून कळत नाय," तुमचं म्हणणं. "तो ब्राऊन बोलेल, मी काय समजू? समोर धरून बघू दे."

जानेवारीतला तो फोन मी आयुष्यभर विसरणार नाही. दुपारची वेळ होती, अरबाब, म्हणजे गॅरेजचे मालक, बाहेर गेले होते. शेडमधली सगळी यंत्रं तुम्ही बंद करायला लावलीत. तिकडे अबू नासिरच्या बायकोने फोनचा रिसीव्हर खिडकीबाहेर धरला होता आणि ते गाडी घेऊन खालून वर, खिडकीसमोरून, पूर्ण ऍक्सिलरेटरवर चढण चढत होते. तुम्ही एका कानाला रिसीव्हर लावला, दुसऱ्यात बोट घातलं आणि डोळे मिटलेत. मला वायरीतून एक बारीक माशीसारखा आवाज ऐकू येत होता. तो आला, वाढला, गेला.

"एक खाच पुढे," तुम्ही अरबीत सांगितलंत.

दुसऱ्या फेरीनंतर त्यांना इंजिन तिथेच बंद करून प्लग काढायला लावलात. पट्टीशी लावून बघा. पांढऱ्याच्या जवळ आहे, ते म्हणाले. आणखी एक खाच. मग तुम्ही रिसीव्हर माझ्या हातात दिलात.

"तू ऐक."

"मला काय कळणार?"

"कान हायत ना? ऐक."

पहिल्यांदा मला नुसता गोंगाट ऐकू आला. तुम्ही म्हणालात, "परत." बिचारे अबू नासिर पुन्हा खाली गेले, पुन्हा वर आले. या वेळी मला जाणवलं. आवाज चढत असताना मध्येच एक बारीकशी उचकी. मी तसं सांगितलं.

"कुठं? सुरुवातीला, मधे, का शेवटी?"

"मध्ये. जोर धरायच्या आधी."

"तिथं एक्झॉस्ट जागा होतो. तिथला स्क्रू तू लावलास. किती फिरवायचा ते तूच सांग."

मी घाबरतच, पेटीतल्या त्या स्क्रूला पाव फेरी द्या म्हणाले. तुम्ही ते जसंच्या तसं अरबीत सांगितलंत, त्यात आपलं काही मिसळलं नाहीत. पुढच्या फेरीला उचकी गेली होती. प्लग बिस्किटाच्या रंगाचा आला. तुम्ही अबू नासिरना म्हणालात, "खलास. आता कुणाला हात लावू देऊ नको." आणि फोन ठेवून चहा मागवलात. माझ्यासाठी साखर कमी, ते तुमच्या लक्षात होतं.

फेब्रुवारीत एका सकाळी अबू नासिरचा पुन्हा फोन आला. तुम्ही शेडमधून धावत आलात. सासूबाईंना श्वास लागला होता, दोन दिवस बर्फ पडत होता, रस्ता गाडला गेला होता. उजाडायच्या सुमाराला, कडाक्याच्या थंडीत, त्यांनी म्हातारीला ब्लँकेटात गुंडाळून आपल्या पाठीला बांधलं आणि ती गाडी सुरू केली. दुसऱ्या झटक्यात सुरू झाली. डोंगराच्या खांद्यावरून खाली उघड्या रस्त्यापर्यंत एकदाही अडली नाही. खाली ऍम्ब्युलन्स उभी होती. म्हातारी वाचली. हे सांगताना त्यांचा आवाज फुटत होता, मला टेबलापलीकडून ऐकू येत होतं. त्यांचं बोलणं संपल्यावर तुम्ही रिसीव्हर दुसऱ्या कानाला घेतलात. मग विचारलंत, "प्लगचा रंग बघितला का?"

मला तेव्हा हसू आलं होतं. आज वाटतं, त्या क्षणी तुम्ही दुसरं काही बोलू शकला नसता.

यानंतर जे झालं त्याबद्दल मात्र आपण कधीच बोललो नाही.

अबू नासिरनी मिठाईचं मोठं ताट पाठवलं. अरबाब स्वतः शेडमध्ये आले, तुमच्या पाठीवर थाप मारली, गफूरसारखा मेकॅनिक अख्ख्या बहारीनमध्ये नाही म्हणाले. तुम्ही हात पुसत उभे होतात. म्हणालात, "अर्धं काम हिचं आहे. दोष हिने शोधला. हिच्या व्हिसावर टेक्निशियन लिहा." सगळ्यांसमोर. अरबाब हसले. टायपिस्ट म्हणून आणली आहे, म्हणाले, हिला टेक्निशियन केलं तर मी टाइप कोणाकडून करून घेऊ? तुम्ही हसला नाहीत. "दुसरी टायपिस्ट मिळते," म्हणालात. अरबाबचा चेहरा उतरला. ते मिठाई न खाता निघून गेले.

मी तुम्हाला ऑफिसात गाठलं. "मी सांगितलं होतं का तुम्हाला? माझी नोकरी गेली असती तर?"

"नाय जाणार."

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही पुरुष आहात, वीस-बावीस वर्षं इथे आहात, तुम्हाला बोलायला काय जातं? माझा संसार आहे इथे."

"भ्यायचं कशाला, बाय? काम तुझं हाय."

"मला नकोय तुमची मेहेरबानी."

हा शब्द मी वापरला. मेहेरबानी. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि शेडमध्ये गेलात. आठवडाभर मॅन्युअल आलं नाही. मग एका दुपारी तुम्ही डबा घेऊन आलात आणि जिथे थांबलो होतो तिथलं पान उघडलंत. मी वाचायला लागले. जयंतीच्या कार्यक्रमाला उम्म अल हस्समला आमच्याकडे नेहमीसारखे आलात, मागच्या रांगेत बसलात, भाषणं संपेपर्यंत हलला नाहीत, जाताना आमच्या लेकीच्या हातात खजुराचा डबा ठेवलात. सगळं पहिल्यासारखं झालं. तो विषय तेवढा कुणी काढला नाही.

पण तुम्ही हार मानली नव्हती. प्रत्येक कामाचं जॉब कार्ड असतं, त्यात काम करणाऱ्याचं नाव लिहायचं असतं. वायरिंगचं, सेन्सरचं जे काम मी करायची त्याच्या कार्डावर तुम्ही ती जागा कोरी सोडायला लागलात. मी टाइप करताना तिथे तुमचं नाव घालायची. पुढच्या वेळी पुन्हा कोरी. सात महिने हे चाललं. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, मी एकदाही सांगितलं नाही. माझं नाव घालायला मी भीत होते. आणि तुमच्याइतकं कुणी माझ्यासाठी कधी भांडलं नव्हतं, माझ्या घरातलंसुद्धा, हे मला तुम्हाला सांगता आलं नाही. मेहेरबानी हा शब्द परत घेते एवढं म्हणायला एक दुपार पुरली असती.

त्या शेवटच्या बुधवारी तुम्ही नेहमीच्या वेळी निघालात. अबू नासिर लेबनॉनला जाताना तुम्हाला बजावून गेले होते, या जानेवारीत तू माझ्याबरोबर डोंगरावर येणार, तिकीट मी काढणार. त्यावर तुम्ही इंशाल्ला म्हणाला होतात. त्या बुधवारी तुम्ही मला विचारलंत, लेबनॉनच्या व्हिसाला फोटो किती लागतात? मी म्हटलं, उद्या फोन करून विचारते. गुरुवारी सकाळी झिंजहून तुमच्या खोलीवाल्यांचा फोन आला. नमाज पढून तुम्ही जरा पडतो म्हणालात आणि उठलाच नाहीत.

दफनाला आमचे हे गेले. मी बाहेर गाडीत बसून होते. कब्रस्तानाच्या बुटक्या भिंतीपलीकडे गॅरेजमधले सगळे दिसत होते, बाहेर टॅक्सी लावून आलेले तुमचे जुने गिऱ्हाईक दिसत होते. अरबाब खांदा द्यायला पुढे होते. त्यांचे डोळे लाल झाले होते. तुमच्यावरचा राग त्यांनी कधीच सोडला असावा.

शनिवारी एका गाडीचं काम आलं, फ्युएल इंजेक्शनचं. मी एकटीने केलं. संध्याकाळी कार्ड टाइप करायला बसले आणि त्या जागी आल्यावर बोटं थांबली. तुमचं नाव घालता येत नव्हतं. कोरी सोडावी, तर ती खूण तुमची होती. मी माझं नाव टाइप केलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. अरबाबनी कार्ड वाचलं. माझ्याकडे बघितलं. सही केली आणि म्हणाले, "बुक्रा एक जीप येणार आहे, तिची वायरिंग बघून ठेव." बुक्रा म्हणजे उद्या. व्हिसावर अजून टायपिस्टच आहे. पुढच्या रिन्युअलला मी स्वतः बोलणार आहे.

काल अबू नासिर निघून गेल्यावर मी तुमच्या गावी फोन लावला. भाभींशी मी कधी बोलले नव्हते. मी कोण ते सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "बाय ना? पुस्तक वाचणारी? नाव घ्यायचे तुझं." हो, तीच, मी म्हणाले. मग त्याच म्हणाल्या, "आमाला तिथलं काय सांगायचे नाय ते. गाड्या दुरुस्त करतो, एवढंच. तू सांग."

मी त्यांना बर्फावरच्या गाडीचं सांगितलं. तीन प्लगचं, फोनवर ऐकलेल्या आवाजाचं, पाठीला बांधलेल्या म्हातारीचं. त्या मध्येमध्ये "हां, हां" करत ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे त्यांनी बर्फ बघितलाच नाय?"

"नाही भाभी. या जानेवारीत जाणार होते."

फोनमध्ये त्यांच्या मागे कुणीतरी कोंबड्यांना हाकलत होतं.

"नाय गेले ते बरं," त्या म्हणाल्या. "त्यांना थंडी सोसायची नाय. इथं डिसेंबरातसुद्धा कानाला मफलर लागायचा."

मी म्हटलं, "हो भाभी."